मेसच्या पुढच्या व्हरांड्यात

“ही कोण?” कर्नलसाहेबांनी विचारलं.

“मच्छीवाली आहे, सर,” मी म्हणालो.

ती माझी आई होती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सीमेवर बरीच वर्षं काढून मी मेजर झालो होतो आणि पहिल्यांदाच मुंबईत, घाटकोपरच्या बाजूला बदली मिळाली होती. आई माहुलच्या कोळीवाड्यातून लेकाचं ऑफिस बघायला आली. डोक्यावर पाटी, पाटीत ताजी पापलेटं. लेक साहेब, म्हणून ती सरळ अधिकाऱ्यांच्या मेसच्या पुढच्या व्हरांड्यात चढली. माझी पाचावर धारण बसली.

“मागच्या दाराने जायला सांगा तिला,” कर्नलसाहेब म्हणाले. “वास सुटलाय.”

मी सांगितलं. माझ्याच तोंडाने. “मागनं जा.” आई मागे गेली, आचाऱ्याला मासे दिले आणि बस धरून घरी गेली.

लाज वाटली का? खरं सांगतो, आधी भीतीच वाटली. मेजरपर्यंत नोकरीची वर्षं माणसाला नेतात. पुढे लेफ्टनंट कर्नल व्हायचं तर निवड मंडळ. ते मंडळ माणूस बघत नाही, त्याचे वार्षिक गोपनीय अहवाल बघतं. माझा अहवाल त्याच महिन्यात कर्नलसाहेब लिहिणार होते. मोजक्याच संधी. त्या हुकल्या की कायमचा मेजर. कालची पोरं वर जाणार, आपण त्यांना सलाम ठोकायचा, पगार तिथेच रखडणार आणि इतरांच्या आधी निवृत्त होऊन सामान बांधायचं. कर्नलसाहेबांच्या तीन पिढ्या फौजेत. माझा बाप होडीवर. माझ्यासाठी शब्द टाकणारं कोणी नव्हतं.

रविवारी माहुलला गेलो. आई बोंबील वाळत घालत होती. मान वर न करता म्हणाली, “बराबर बोललास. मच्छीवालीच हाय मी. पन तू येवडा कापत का व्हतास रं?”



महिनाअखेरीस कर्नलसाहेबांनी बोलावलं. अहवालात वाईट शेरा असला की तो त्या अधिकाऱ्याला दाखवतात आणि दाखवल्याची सही घेतात. शेरा असा होता: ‘मेहनती, विश्वासू. पण घरची पार्श्वभूमी पाहता वरच्या हुद्द्याला लागणारा रुबाब नाही.’

“त्या दिवशी शहाणपणा केलात,” ते हसून म्हणाले. “आईची ओळख करून दिली असतीत तर मलाच अवघड झालं असतं. सही करा. सगळे करतात.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्यापासून. आईला मी नाकारलं ते कशासाठी? सही केली आणि बाहेर आलो.

शेऱ्याविरुद्ध तक्रार करता येते. कोणी करत नाही. कारण ती आधी त्याच कर्नलच्या हातात द्यावी लागते, तिथून वर जाते. शेजारच्या खोलीतला मेजर म्हणाला, “वेडा आहेस का? वाट लागेल तुझी. पाण्यात राहून माशाशी वैर करू नकोस, यार.”

“आम्ही कोळी,” मी म्हणालो. “आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तेच करतोय.”

बोललो खरा, पण दोन दिवस घास गिळवला नाही. तक्रार चारदा लिहिली, चारदा फाडली. पाचव्यांदा सगळं लिहिलं. व्हरांडा, मागचं दार, शेरा. आणि मी आईला मच्छीवाली म्हटलं, तेही. ते लिहिताना रडलो.

कर्नलसाहेबांनी दोन ओळी वाचल्या आणि कागद माझ्याकडे सरकवला. “मागे घ्या, मेजर. तुमचं पुढचं सगळं माझ्या हातात आहे.”

मी कागद परत त्यांच्यापुढे सरकवला.

“पोच द्या, सर,” मी म्हणालो. “तारीख घालून.”

इथे दाद लागली नाही तर याच्या वर देईन. तिथे नाही तर त्याच्याही वर. मेजर म्हणूनच घरी जावं लागलं तर जाईन, पण गप्प बसून जाणार नाही. पोच हातात पडेपर्यंत मी त्या टेबलासमोरून हललो नाही.