दुसऱ्या डॉक्टरची पुडी

साठ सालानंतरची काही वर्षे मी शिरूरला दवाखाना चालवत असे. मनाच्या आजारांवरच्या गोळ्या तेव्हा नुकत्याच तालुक्याच्या गावांपर्यंत पोचल्या होत्या. आपला रोगी दुसऱ्या कुणाचे औषध घेतो असे कळले की मला राग येई. एकदा एका म्हाताऱ्याला मी सर्वांदेखत म्हणालो होतो, "तिकडंच जायचं होतं, तर इथं कशाला आलात?"

त्या दिवशी बाकावर न्हावरे गावची एक शेतकरीण नवऱ्यासोबत बसली होती. जवळ कुणी नसताना तिला माणसांचे आवाज ऐकू येत. क्लोरप्रोमॅझिनच्या रोज तीन गोळ्यांनी ते थांबले होते आणि ती पुन्हा म्हशींच्या धारा काढू लागली होती.

पुढे महिनाभर दौंडला बहिणीकडे राहून ती परतली, ती पाऊल ओढतच. चेहरा थिजलेला, तोंड कोरडे, बसल्या जागी डोळे मिटत. मी नवऱ्याला विचारले, "गोळ्या चुकल्या का?"

"एकबी न्हाई, डॉक्टरसाहेब. तितं तिची बहीन देत व्हती, हितं मी सवता हातावर ठेवतो."

आजार उलटला असे मी ठरवले आणि तीनच्या चार गोळ्या केल्या. तिला उभे करून रक्तदाब पाहण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

पाचव्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताच तिला घेरी आली. ती दगडी उंबऱ्यावर पडली आणि उजवे मनगट मोडले. हात बांधता बांधता मी पुन्हा गोळ्यांविषयी विचारले. नवरा खाली पाहू लागला. तीच म्हणाली, "दौंडच्या डॉक्टरनी बी दिल्यात. सारखं रडू यायचं म्हनून."

"मग सांगितलं का नाही?"

"त्या म्हाताऱ्या आबाला तुमी कसं बोलला, ते ऐकलं व्हतं न्हवं," नवरा म्हणाला. "तुमी हाकललं तर हितं दुसरं कोन हाय?"

"मला लई आवाज यायचे," ती हळूच म्हणाली. "तुमचा त्यो आवाज मातूर खरा व्हता."

नवऱ्याने खिशातून काढलेल्या दौंडच्या पुडीत इमिप्रामीन, म्हणजे उदासीवरचे औषध होते. दोन्ही औषधे एकत्र आली की गुंगी वाढते, उभे राहताच रक्तदाब घसरतो. अशा वेळी पहिल्याची मात्रा उतरवायची असते. मी ती चढवली होती.

दुसऱ्या दिवशी एसटीने दौंडला गेलो. तिथले डॉक्टर माझ्याहून तरुण होते. माझे ऐकून घेऊन ते म्हणाले, "ती आणखी काय घेते, हे मी तरी कुठं विचारलं?" तिचे रडणे खरे होते, म्हणून त्यांची गोळी कमी मात्रेत ठेवायची, माझ्या गोळ्या चारवरून आधी तीन, मग दोन करायच्या, आणि दर आठवड्याला आडवे निजवून व उभे करून रक्तदाब पाहायचा, असे ठरले. आवाज परत येतात का, यावर लक्ष ठेवायचे होते. दोघांची औषधे आम्ही एकाच कागदावर लिहिली.

आवाज परतले नाहीत. महिन्याभराने चेहऱ्यावर हालचाल दिसू लागली. मनगट मात्र वाकडे जुळले. धारा नवऱ्याकडे गेल्या त्या गेल्याच.

आता माझी पन्नाशी उलटली आहे. पुष्कळ रोग्यांचे चेहरे विसरलो, तिचा विसरलो नाही. त्या काळातल्याच एका आठवड्याच्या तपासणीत शेवटी मी तिला म्हणालो, "ताई, चूक माझी होती."

"व्हय," ती म्हणाली, आणि रक्तदाबासाठी तिने डावा हात पुढे केला.