दाजी काही मरायला तयार होईनात

दाजींना राजाचं काम द्यायचं ठरलं, तेव्हा ते नाटक कुणी धड वाचलंसुद्धा नव्हतं. धोंड्याचा महिना, जावई घरी आलेला, अन् मुकुट दुसऱ्याच्या डोक्यावर? गावानं एका तोंडानं दाजींचं नाव घेतलं.

त्यात आमचे दाजी रुसण्यात एक नंबर. मागच्या दिवाळीला त्यांच्या आधी दुसऱ्या पाहुण्याच्या हातात चहाची बशी गेली, एवढ्यावरून ते एकटेच आपल्या गावी, अंबडला निघून गेल्ते. अक्का तेव्हापासून आमच्याकडंच. बाया विचारायच्या, "काय, लेक अजून हितंच का?" अन् आई मान खाली घालायची. आता धोंडे खायला का होईना, पण दाजी आल्ते. या वेळी बिनसलं की अक्का जन्माची माहेरी बसणार, हे घरात सगळ्यांनाच कळत होतं. मला तर दाजींचा असा राग यायचा, पण करता काय!

आमच्या ओसरीवर तालीम सुरू झाली. नाटक बसवणाऱ्या गुरुजींनी कामं समजावून सांगितली. राजा भोळा. प्रधान इमानदार. राणी राजावर जीव टाकणारी. तिच्यासाठी शिंप्यानं मिशी उतरवली होती. सेनापती दगाबाज, तो मी. दुसऱ्या अंकात सेनापती राजाला खंजीर मारतो, मग एकेक करून सगळेच जातात.

"साळा मला मारणार?" दाजी उठून उभेच राहिले. "अन् तेबी दुसऱ्याच अंकात?"

आई चूल सोडून धावत आली. "अगं बाई! जावयाला मारतेत का कुठं? अन् धोंड्याच्या महिन्यात?"

"अहो, शोकांतिका हाये ही," गुरुजी काकुळतीला आले. "राजा मेल्याबिगर शोक कशाचा करायचा?"

"दुसरे मरू द्या की. मी कुणाला न्हाई म्हणून राह्यलो?"

भोकरदनच्या बाजारात बैलाचा सौदा होतो तशी घासाघीस चालली. शेवटी तोड निघाली. राजा मरेल, पण सगळ्यांच्या शेवटी, स्वतःच्या हातानं, मनाला येईल तेव्हा. अन् दगा देण्याआधी सेनापतीनं त्यांच्या पाया पडायचं. पडलो बापा!

गावात लाइट आलेली नव्हती, म्हणून नाटक भर दुपारी. प्रधान मेला. राणी मेली. मी मेलो. मग राजाचा विलाप सुरू झाला, तो काही संपेचना. दाजींनी छातीवर खंजीर धरला की लोक टाळ्या वाजवायचे, अन् टाळ्या ऐकल्या की दाजी खंजीर खाली घ्यायचे. फळ्या तव्यासारख्या तापल्या होत्या. राणी हळूहळू सावलीकडं सरकत होती. प्रधानाला मुंग्या डसल्या, तर तो उठला, झटकून पलीकडं गेला अन् तिथं जाऊन पुन्हा मेला. गुरुजी आतून हाका मारत होते, "खंजीर, दाजी, खंजीर!"

"घाई कशाची हाये?" राजा म्हणाला.

गुरुजींनी पडद्याच्या दोरीला हात घातला, तशी आईनं पुढूनच हात जोडले. जावयाचं तोंड पडद्यानं झाकायचं म्हणजे संपलंच! कुणाची हिंमत होईना.

अन् बायांच्या घोळक्यातून अक्का उठली. दाजी आल्यापासून ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"ओ! मरा की आता एकदाचं! उन्हात माझ्या भावाचं भजं व्हायला लागलं!"

कपाळभर कुंकू लावलेली बाई, अन् भर गावात नवऱ्याला मरा म्हणती! आईनं पदर तोंडात कोंबला. मी मेलेला असून डोळे उघडले. म्हटलं, झालं, आता हे मुकुटासकट अंबडला चालले.

दाजी तिच्याकडं बघतच राहिले. राजाची भाषा पार विसरले.

"तू येतीस का मंग?" त्यांनी विचारलं.

"न्याल तर यीन की."

दाजींनी खाड्‌दिशी खंजीर मारून घेतला अन् ते माझ्याच पोटावर पडले. माझा जीव कासावीस. टाळ्यांचा नुसता गदारोळ चालला होता, अन् त्यात दाजी डोळे मिटूनच माझ्या कानाशी कुजबुजले, "सकाळची पहिली गाडी कितीला हाये रे?"