खुराड्यावरची फळी

निवृत्तीनंतर माझ्या मैत्रिणींनी भिशी लावली, मी रंधा विकत घेतला. जन्मभर नर्स म्हणून इंजेक्शनं दिली, आता चंद्रपुरात घराच्या मागच्या अंगणात बसून पाडलेल्या घरांची लाकडं तासते. घरात फर्निचर कमी आणि भुसा जास्त, असं नवरा म्हणतो. म्हणू दे.

यंदा पोंभुर्ण्याकडे माझ्या ताईच्या मातीच्या घराचा पुढचा भाग घरकुलासाठी पाडला, तेव्हा पिशवीत रंधा-करवत टाकून मी धावतच गेले. लाकडांची हाव होतीच, पण ताईचीही काळजी होती. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, गावच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचायचा मान तिचा. यंदा गुडघ्यांनी दगा दिला. खाली बसवेना, म्हणून लोकांनी प्लास्टिकची खुर्ची ठेवली, तर ही घरीच बसली.

"सारे खाली बसतीन आन मी वरतून वाचू? मले नाई जमत."

तिचं ते घरी बसणं मला सहन होईना. म्हटलं, बुटका स्टूल करून देते, कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही. तिने एकच अट घातली. स्टूल तिचा तीच काखेत मारून नेणार, दुसऱ्या कुणाला उचलायला सांगणार नाही.

म्हणजे लाकूड हलकं हवं. आमच्याकडे वाळवीच्या भीतीने चौकटींना वर्षानुवर्षं गाडीचं जळकं ऑइल फासतात, त्यामुळे सगळी लाकडं सारखीच काळी. मी दाराची चौकट नखाने खरवडली, वास घेतला, तो ऑइलचाच आला, आणि तरी ठणकावून सांगितलं की हा साग आहे. रंधा मारला तर पातं किंचाळलं. आतून काळ्या रेघांचं तपकिरी, ऐनाच्या झाडाचं लाकूड निघालं. त्यापेक्षा दगड परवडला. मी हट्टी, त्याचाच स्टूल केला. ताईने तो उचलला आणि दोन पावलांत अंगणातच खाली ठेवला. मला रडू आलं.

पुन्हा लाकडांच्या ढिगाकडे गेले. या वेळी न हुंगता, न खरवडता नुसतं एकेक उचलून बघत सुटले. सगळी जड. शेवटी कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून टाकलेली फळी ओढली, तर ती इतकी अलगद आली की मी मागे कोलमडले. कोपरा तासला. फिकट पिवळसर रंग, वास जवळजवळ नाहीच, आणि रंध्यातून कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे. शिवणीच्या झाडाची फळी होती ती. मी तिथेच हसत सुटले.

"ताई, शिवण हाय शिवण. हलकी फूल."

"खुराड्याची फळी विहारात नेऊ मी?"

"रंधा मारल्यावर कोंबड्यायलेही वळखू येणार नाई."

ताई हसली. गुडघ्यांना उंची हवी होती आणि तिला बुटकं, म्हणून पाय तीनदा कापले. कोंबड्या दिवसभर माझ्यावर चिडून फिरत होत्या.

संध्याकाळी ताई स्टूल काखेत मारून गल्लीतून निघाली. मी मुद्दामच चार पावलं मागे राहिले. विहारात तिने तो सगळ्यांच्या ओळीत ठेवला, बसली, चष्मा पुसला आणि वाचायला लागली. आवाज पहिल्यासारखाच खणखणीत. त्या दिवसाचा वाचायचा भाग संपला तशी शेजारची म्हातारी म्हणाली, "बाई, थकली असशीन. राहू दे आता, उद्या वाच."

ताईने पान उलटलं.

"थकली तं घरी बसून बसून होती," ती म्हणाली आणि पुढे वाचू लागली.