वरच्या मजल्यावरचं सिमेंट

“आधी आमचं ठरू दे.” हे म्हणताना काका दोन्ही तळहात पुढे धरायचे, ट्रॅफिक पोलीस गाडी थांबवतो तसे. ‘आमचं’ म्हणजे स्कॉटलंडचं. माणूस मूळचा मिरजेचा. पण उमेदीची वर्षं ग्लासगोत गेली, पासपोर्ट ब्रिटिश झाला, आणि स्कॉटलंडने ब्रिटनपासून वेगळं व्हावं, असं ते तिथल्या लोकांपेक्षा हिरिरीने मांडायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. लग्न दुसऱ्याचं, पण मांडवात आवाज यांचा.

बंदरातल्या एका कंपनीत नोकरी लागली म्हणून ते रॉटरडॅमला, आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. तेव्हा ब्रिटन युरोपियन युनियनमध्ये होतं. “दोन बॅगा घेतल्या आणि आलो, मिरजेहून सांगलीला जावं तसा,” असं सांगायचे. काकू ग्लासगोतली आपली नोकरी आटोपून मागून येणार होत्या. त्यांचं आवरेपर्यंत ब्रिटनच युनियनमधून बाहेर पडलं. आता त्यांना इथे राहायला परमिट लागणार होतं.

“अर्ज कशाला करायचा?” काका म्हणायचे. “स्कॉटलंड वेगळं होईल, युनियनमध्ये परत येईल. मग ती इकडे, नाहीतर मी तिकडे. कोण अडवतंय?”

म्हणून त्यांनी घरात फ्लोअरिंग घातलं नाही. इथे भाड्याचं घर बहुधा नुसत्या सिमेंटवर मिळतं, वरच्या लाकडी फळ्या ज्याच्या त्याने घालायच्या. चार दिवसांसाठी कशाला, असं म्हणता म्हणता वर्षं गेली. वर खुर्ची सरकली की आमच्या डोक्यावर जातं फिरायचं. मी एकदा तावातावाने भांडायला गेले, तर त्यांनी चहा पाजला आणि खुर्ची अलगद उचलून दाखवली. दुसऱ्या दिवशी जातं सुरू.

संध्याकाळी बाल्कनीत त्यांचा फोन स्पीकरवर असायचा. खाली कपडे वाळत घालता घालता तो वाद मला पाठ झाला होता.

“एक देश सोडून आले,” काकू म्हणायच्या. “आता राहते तो तरी अख्खा राहू दे.”

“तुला राजकारण कळत नाही.”

“तुम्हाला जेवण कळत नाही. आज काय खाल्लंत?”

एका दिवाळीला काकू आठवडाभर येऊन राहिल्या. घरात खुर्ची एकच होती. त्या बसल्या की काका उभे राहून जेवायचे. जाताना जिन्यात मला म्हणाल्या, “हा माणूस इथे राहतच नाही गं. नुसता थांबलाय.” त्यांचे डोळे भरले होते. मग पदर खोचल्यासारखा ओव्हरकोट आवळून म्हणाल्या, “त्यांचं ठरेल तेव्हा ठरेल. मी माझं ठरवलं.”

ग्लासगोला जाऊन त्यांनी परमिटचा अर्ज केला. तो मंजूर झाला त्याच शनिवारी काकांनी फळ्यांची खोकी आणली. माझ्या नवऱ्याने ती वर चढवायला मदत केली. एरवी अखंड बोलणारा माणूस दिवसभर गुडघ्यांवर बसून फळ्या जोडत होता आणि गप्प होता. मला वाटलं होतं, ते खूश असतील.

काकू आल्यावर मी घर बघायला गेले. सगळीकडे फ्लोअरिंग झालं होतं, फक्त मागच्या छोट्या खोलीत सिमेंट तसंच होतं.

“फळ्या कमी पडल्या का?”

“नाही गं,” काकू हळूच म्हणाल्या. “तेवढी एक खोली राहू दे त्यांना.”

आता वर शांत असतं. मागितलं होतं ते मिळालं, आणि मला करमत नाही. पण एखाद्या संध्याकाळी त्या मागच्या खोलीत खुर्ची सरकते. मी भांडी घासता घासता नळ बंद करते आणि ऐकते.