एक डोळा मिटून

लोटनआप्पा कुणाच्याही घरी आले की आधी उंबऱ्याबाहेर थांबत, एक डोळा मिटत आणि उरलेल्या डोळ्याने दाराची चौकट वरपासून खालपर्यंत बघून घेत. मगच चपला काढत. लग्न होऊन मी सुरतेला आले तेव्हा चाळीतले शेजारी म्हणून ते आणि त्यांची बायको गोजरताई आम्हाला भेटायला आले होते. मी नवी नवरी, हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी, आणि हा उंच, किडकिडीत माणूस दारातच डोळा मिटून उभा. मला वाटलं, भलताच आगाऊ दिसतोय. तेवढ्यात ते गंभीरपणे म्हणाले, "ताई, तुमनं दार जरासं झुकेल शे."

दार चांगलं लागत होतं, उघडत होतं. पण त्या दिवसापासून मला ते झुकलेलंच दिसायला लागलं. रोज कडी घालताना मी आप्पांच्या नावाने बोटं मोडायची.

माझं माहेर नगरकडचं. अहिराणी कानावर पडली ती सुरतेतल्या उधन्याच्या त्या चाळीतच. बासष्ट-त्रेसष्टचा सुमार असेल. माझे मालक रेल्वेत कामाला, आजूबाजूला सगळे खानदेशातून आलेले, कुणी मागावर, कुणी मिलमध्ये. मागच्या अंगाला मागांची शेड होती आणि तिची खटखट दिवसरात्र भिंतीतून येत असे. एकेक खोली, पुढे अरुंद गॅलरी. आप्पांच्या खोलीला एकच खिडकी आणि ती उघडली की समोर शेडची भिंत. खोलीत आप्पा, गोजरताई, तीन मुलं आणि आप्पांची आई. आईची खाट दारामागे होती, त्यामुळे दार कधी पुरतं उघडायचंच नाही. येणारा-जाणारा अंग चोरून आत शिरायचा. गोजरताई म्हणायची, "ताई, लगीन व्हयनं तवयपाईन मी सरळ कधी घरमा घुसनीच नही."

आप्पा मिलमध्ये तयार कापड तपासायचे. उजेडाला तिरकं टेबल, त्यावरून कापड सरकत जायचं आणि कुठे धागा तुटलेला, कुठे तेलाचा डाग, कुठे वीण सैल दिसली की आप्पा निळ्या खडूने फुली मारायचे. त्यांच्या नजरेतून खोट सुटत नसे, असं सगळे म्हणायचे. मी एकदा चेष्टेने विचारलं, "आप्पा, एवढं कापड डोळ्यांखालून जातं, त्यातलं सगळ्यात सुंदर कोणतं वाटलं?" ते खरोखर विचारात पडले. म्हणाले, "चांगलं कापड माले दिखतच नही, ताई. ते नुसतं सरकी जास. डोयाले फक्त खोट दिखस." हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला की माझी चेष्टा जागीच विरली.

हा डोळा त्यांना जन्मतः मिळालेला नव्हता. गोजरताईने मला ती हकिगत सांगितली. नव्या नोकरीत असताना त्यांच्या हातून खोट असलेल्या कापडाचा एक अख्खा ताका चुकून पुढे गेला आणि व्यापाऱ्याने परत पाठवला. साहेबाने तो ताका आप्पांच्या खांद्यावर टाकून त्यांना खात्यात सगळ्यांसमोर उभं केलं, पाळी संपेपर्यंत. लोक हसले. त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नाहीत आणि पुढे कधी कुणाला हसण्याची संधी द्यायची नाही, असं बहुधा त्यांनी ठरवून टाकलं.

ते मिलपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण खिशातला निळा खडू त्यांच्याबरोबर घरी यायचा. गोजरताईची भाकरी ताटात पडली की आप्पा ती आधी फिरवून बघत, कड कुठे जाड आहे का. मुलीने पाटीवर काढलेल्या अक्षरांवर फुल्या पडत. रागावत नसत ते, आवाज चढवत नसत. नुसतं बोट ठेवत. पण बोट ठेवलेल्या जागी मुलं किती खट्टू होत, हे त्या एकाच डोळ्याला दिसत नव्हतं. हळूहळू मुलं त्यांना काही दाखवेनाशी झाली. आप्पा घरी आले की पाट्या खाटेखाली जात. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची. एवढ्या माणसांनी भरलेल्या खोलीत ते एकटे असायचे.

आणि त्या सगळ्यांची सुटका ज्यात होती, ते म्हणजे डिंडोलीचं घर.

डिंडोली तेव्हा खेडंच. रूळ ओलांडून, शेतांमधून चालत जायचं. तिथे आप्पांनी एक तुकडा जमीन घेतली होती. सुट्टीच्या दिवशी ते तिकडे जात आणि गफूर मिस्त्रीला हाताशी घेऊन स्वतः घर बांधत. पहिली भिंत उभी राहिली तेव्हा आप्पांच्या आईने चाळभर गूळ वाटला. पुढच्याच सुट्टीला आप्पांनी भिंतीला ओळंबा लावला, डोळा मिटला, आणि भिंत पाडली. वर कुठेतरी बोटभर कलली होती म्हणे.

असं एकदा झालं असतं तर मी कशाला लिहिलं असतं! भिंत उठायची, ओळंबा लागायचा, भिंतीवर निळी फुली पडायची आणि कुदळ चालायची. गफूर मिस्त्री गोड स्वभावाचा सुरती माणूस. तो कळवळून सांगायचा, "आप्पा, आ भींत छे, अरीसो नथी. चालशे!" या 'चालशे'चा, म्हणजे आपल्या 'चालेल'चा, आप्पांना भयंकर तिटकारा. सुरतेत पाऊल ठेवल्यापासून जो-तो आपल्याला हाच शब्द ऐकवतो, असं त्यांचं म्हणणं. दूध पातळ? चालशे. गाडी उशिरा? चालशे. "ह्या एकाच शब्दखाले हाई पुरं गाव वाकडं व्हई गयं," असं ते म्हणत. शेवटी मिस्त्री हात जोडून निघून गेला आणि आप्पा एकटेच बांधू-पाडू लागले.

इकडे खाटेवर त्यांची आई घराची वाट बघत होती. तिच्या खाटेखाली एक पत्र्याची पेटी होती. पेटीत कानबाईचा चौरंग, नथ आणि दागिने. कानबाई हे खानदेशातलं घराघरांतलं दैवत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ, कुंकू, दागिने घालून तिला बसवतात. सगळे भाऊबंद एका घरी जमतात, नैवेद्याचे रोट करतात, बाया गाणी म्हणतात, फुगड्या खेळतात आणि दुसऱ्या दिवशी देवीला वाजतगाजत नदीवर नेतात. आप्पांचे थोरले भाऊ गेले, गावचं घर मोडलं, तेव्हा ही पेटी सुरतेला आली. पण त्या खोलीत माणसांनाच वळायला जागा नाही, तिथे भाऊबंदांना कुठे बसवणार? "नवा घरमा बसाडसू," असा शब्द आप्पांनी आईला दिला होता. दर श्रावणात म्हातारी विचारायची, "लोटन, औंदा का रे?" आणि आप्पा खाली बघून सांगायचे, "एक भिंत ऱ्हायनी, माय."

गोजरताई दरवर्षी दुसऱ्यांच्या कानबाईला जायची. फुगडी खेळून यायची आणि माझ्याकडे येऊन टेकायची. एकदा मात्र तिला रडू फुटलं. "आपली देवी खाटखाले पेटीमा कोंडेल, अन् मी लोकेसनी देवीपुढे नाचस," म्हणाली. मी चहा ठेवला.

म्हातारी त्या खाटेवरच गेली. शेवटच्या आजारात ती सारखी विचारायची, नव्या घरात माझी खाट कुठे टाकशील? आप्पा सांगायचे, खिडकीजवळ, तिथून शेत दिसतं. तिला बाहेर काढताना आधी खाट उभी करावी लागली, तेव्हा ते दार पहिल्यांदा पुरतं उघडलं. मी गॅलरीत उभी होते.

मला वाटलं, आता तरी आप्पा घर उरकतील. झालं उलटंच. आता त्यांना आईच्या नावाला शोभेल असं घर हवं होतं. सुट्टीच्या दिवशी ते पहाटेच निघून जात आणि अंधार पडता परत येत, हाताला फोड, केसांत माती. गोजरताई जेवायला वाढायची आणि काही विचारायची नाही. तिचं विचारणंच संपलं होतं.

पुढच्या श्रावणात ती एका दुपारी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, रोटनं दयन तुमना घर ठेवू का?" तिच्या डोळ्यांकडे बघून मी समजले. पीठ माझ्या डब्यात आलं, चौरंग माझ्या फळीवर आला, नथ मी चिंचेने उजळली. आप्पा शनिवारी दुपारपाळीवर असताना आम्ही चार बाया डिंडोलीला जाऊन जमीन सारवून आलो. घर म्हणजे काय, चार भिंती, वर अर्धे पत्रे, दाराला नुसती चौकट. समोरच्या भिंतीवर भलीमोठी निळी फुली होती. म्हणजे उद्या ती पडणार होती. गोजरताईने फुली पाहिली, आणि नेमक्या तिच्याखाली रांगोळी काढली.

शनिवारची पाळी रात्री उशिरा सुटल्याने आप्पा रविवारी पहाटे निघाले नाहीत; तिने त्यांना, कानबाईला जाते, एवढंच सांगितलं. ते दरवर्षीचंच होतं. त्यांनी मान हलवली.

आम्ही देवी बसवली. नातेवाईक जमले, गाणी सुरू झाली. आणि थोड्या वेळाने आप्पा खांद्यावर कुदळ टाकून दारात उभे राहिले.

गाणं थांबलं. आप्पांची मुलगी माझ्या पाठीमागे सरकली. आप्पांनी भिंत पाहिली, फुली पाहिली, फुलीखाली नथ घालून बसलेली आपल्या घरची देवी पाहिली. आणि मग, देवा, त्यांनी डोळा मिटला! मला वाटलं संपलं सगळं.

"देवी वाकडी बठनी," ते कसेबसे म्हणाले.

गोजरताई उठली. उभ्या जन्मात नवऱ्यासमोर तिचा आवाज वर गेलेला मी ऐकला नव्हता, तेव्हाही गेला नाही. "देवी सरळ शे. भिंत वाकडी शे," ती म्हणाली. "आते कुदय ठेवा अन् बठा. तुमनी माय बठाले ऱ्हायनी नही. आपीन ऱ्हायनूत."

आप्पा कुदळ धरून तसेच उभे. मग पुढे आले, भिंतीवर हात ठेवला आणि वरपासून खालपर्यंत फिरवला, जसा कापडावरून फिरवत असतील तसा. बराच वेळ. आणि एकदम खाली बसले.

"पहिली भिंत बी आशीच व्हती," ते म्हणाले. "एवढीच झुकेल. मायले तवयच आठे लई येतू ते..." एवढ्या माणसांदेखत ते ओक्साबोक्शी रडले. कुणी हसलं नाही. मुलगी माझ्या मागून निघाली आणि जाऊन त्यांच्याजवळ बसली.

ते त्याच महिन्यात डिंडोलीला राहायला गेले. उरलेले पत्रे नंतर चढले, दार त्याहून नंतर बसलं. ती भिंत मात्र गोजरताईने कधी सारवू दिली नाही, फुली तशीच राहिली. आप्पा सुधारले असं म्हणणार नाही मी. मिलमध्ये ते शेवटपर्यंत खडू चालवत राहिले, भाकरीही फिरवून बघत. फक्त फिरवून झाली की मुकाट्याने खात. खिडकीजवळ एक खाट टाकलेली असे. त्या खाटेवर त्या घरात कुणी झोपत नसे.

सत्याहत्तरच्या आसपास आमची बदली झाली. सामान बांधून झालं होतं, आणि निरोप द्यायला आप्पा डिंडोलीहून चालत आले. केस पिकले होते. उंबऱ्याबाहेर थांबले, एक डोळा मिटला, आणि चौकट वरपासून खालपर्यंत पाहिली.

"झुकेलच शे," ते म्हणाले. मग मला विचारलं, "पण लागस ना?"

"लागतं की आप्पा. इतकी वर्षं लागतंय."

त्यांनी मिटलेला डोळा उघडला. "मंग चालशे," ते म्हणाले, आणि चपला काढून आत आले.