रातकिड्यांवरची पावडर

"धुतले? बाबा, तुम्ही रातकिडे धुतले?"

"धुतले नाहीत, झटकले. नीट ऐकत जा."

"एकच ना ते!"

"एकच कसं? धुणं वेगळं, झटकणं वेगळं. लाँड्रीवाल्याची पोर ना तू?"

लेकीने कपाळावर हात मारून घेतला. पिंजऱ्याच्या तळाशी बटण नावाचं पिल्लू मागचे पाय ओढत पाण्याच्या वाटीकडे निघालं होतं. पाय त्याचेच, पण कुणीतरी नंतर टाचल्यासारखे मागून येत होते. डॉक्टरीणबाईंनी सकाळीच बजावलं होतं, हाडांत कॅल्शियम नाही, चढणं बंद, उड्या बंद. दुसरं, काज, कापडी पिशवीतून नाक काढून हा तमाशा बघत होतं.

शुगर ग्लायडरची ही जोडी लेकीची. खारीहून लहान जीव, पुढच्या-मागच्या पायांमध्ये कातडीचा पडदा. खिडकीच्या पडद्याच्या दांडीवरून झेप घेतली की तरंगत थेट माणसाच्या छातीवर. नोकरीच्या गावी खोलीवर प्राणी चालत नाहीत म्हणून ती इथे ठेवून गेली, तेव्हा म्हातारा फणफणला होता, "उंदरांना दत्तक घेऊ आता?" आठवडाभरात नावं त्यानेच ठेवली. बटणाशिवाय काज नाही आणि काजाशिवाय बटण नाही.

हॉटेलच्या लाँड्रीत त्याला सगळे डागमास्तर म्हणत. डाग काढायच्या टेबलावर त्याचा जन्म गेला. निवृत्त झाला, पण हातांना कुणी ते सांगितलंच नाही. पाहुण्यांच्या खांद्यावरचा दोरा उचल, शेजाऱ्याची कॉलर सरळ कर, एकच टेबल पुन्हा पुन्हा पूस. बायको होती तेव्हा म्हणायची, "हात बांधून ठेवा हो कुणीतरी यांचे." ती गेल्यावर ते म्हणणारंही कुणी उरलं नाही. मग ही दोन पिल्लं आली आणि हातांना काम लागलं. फळं चिरा, अंडं उकडा, डब्यातल्या रातकिड्यांना गाजर घाला, दिवेलागणीला चिमट्याने एकेक किडा भरवा.

"मी सांगून गेले होते ना, पावडर लावून द्या म्हणून?"

"लावलीच की! रोज लावली. डब्यात घालून हलवली, थोडा वेळ ठेवली."

"आणि मग?"

"मग झटकली."

"का?"

"का म्हणजे?" त्याला खरंच प्रश्न कळेना. "तेलाच्या डागावर पांढरी पावडर कशाला टाकतात? तेल शोषून घ्यायला. शोषलं की झटकायची. मला वाटलं, किड्यांचा मळ काढायला दिलीस."

लेकीला हसू आलं होतं, पण बटणाकडे नजर गेली आणि ते तिथेच विरलं.

"बाबा, ती पोटात जायला हवी होती. नुसत्या किड्यांत पुरेसं कॅल्शियम नसतं. पावडर हेच औषध होतं."

"आता कळलं ना! आता देतो."

"माझी मैत्रीण दोघांना न्यायला तयार आहे. तिच्याकडे आणखी ग्लायडर आहेत, तिला सवय आहे."

"आणि मला काय झालंय?"

"झटकायची खोड झालीय. जित्याची खोड…"

"पुढचं बोलू नकोस. जिवंत आहे मी अजून." तो उठला, बसला, परत उठला. "चूक झाली. कबूल. म्हणून काय पोरं उचलून न्यायची? बटण माझ्याच खिशात झोपतं, विचार त्याला."

"मी उद्या निघणार. मागे कोण बघणार?"

"आत्ताच बघ!"

त्याने डबा ओढला. चिमट्यात रातकिडा धरला, वाटीतल्या पावडरीत बुडवला, या बाजूने, त्या बाजूने. मिशांपर्यंत पांढराशुभ्र. "हं. हा असा. आणि आता हा असाच्या असा…"

बटणाने वास घेतला. पुढच्या दोन पंजांवर अंग खेचत ते दाराशी आलं आणि हात पसरले.

आणि वाटीच्या काठावर चिमटा वाजला. टक. टक.

पावडर खाली सांडली. किडा तपकिरीचा तपकिरी.

म्हाताऱ्याने चिमट्याकडे पाहिलं. तो आवाज दुसऱ्याच कुणीतरी केल्यासारखं पाहिलं. बटण अजून हात पसरून बसलं होतं. लेकीने हळूच चिमटा काढून घेतला, किडा पुन्हा घोळवला आणि भरवला. कुरुमकुरुम आवाज येऊ लागला.

"बाबा," ती आता अजिबात भांडत नव्हती, "तुम्हीच सांगा. तुमच्या हातांची खात्री तुम्ही देता? तुम्ही हो म्हणालात तर मी ठेवून जाते."

टेबलावर पांढरा थर पडला होता. त्याची बोटं तिकडे निघाली, अर्ध्यावर थांबली. दोन्ही हात त्याने पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले.

"बाबा?"

पायात चपला सरकवून, हात तसेच पाठीशी बांधलेले, त्याने कोपराने दार ढकललं आणि तो जिना उतरू लागला.