गाव खाली आलं, पाणी वर राहिलं

मी मूळचा रेणापूरचा. आमच्याकडचा डोंगर म्हणजे उकिरड्याहून जरा उंच, बस्स! किनवटच्या आश्रमशाळेत भूगोल शिकवायला आलो तेव्हा जंगलाचा धसकाच घेतला होता. मग नांदेडच्या रद्दीवाल्या चाचांनी एक जुना नकाशा दिला, तो खोलीत लावला अन् उंची दाखवणाऱ्या कंटूर रेषांचा नादच लागला. रेषा दाटल्या की कडा, विरळ झाल्या की सपाटी. लई गंमत!

त्या उन्हाळ्यात आमच्या वसतिगृहातल्या स्वयंपाकीण मावशींच्या वस्तीवरची विहीर आटली. टँकर जाईल असा रस्ता नव्हता. लोक किनवटला खोल्या बघू लागले. मावशींनीही एक ठरवली, पण त्यांची म्हातारी आई हलायला तयार नव्हती. भाकरी थापता थापता मावशी डोळे पुसायच्या.

मी नकाशात त्यांची वस्ती शोधली, तर ती पार डोंगरावर, एका झऱ्याच्या उगमाशी छापलेली.

"आंधळा होता की काय हा नकाशावाला!" मी करवादलो. "वस्ती खाली अन् नाव वर!"

मावशी हसल्या. "सर, गाव वरच होतं आमचं. देवीची साथ आली, लई माणसं गेली, मग गाव उठलं. उठताना नाव संगं आणतो आम्ही. मागं फिरून जात न्हाई."

"अन् झरा?"

"काय की. माझा जन्म खालचा."

मी परत नकाशावर वाकलो. झरा वस्तीच्या कितीतरी रेषा वर होता. म्हणजे पाणी मोटारीशिवाय आपसूक उतरणार. पण उठलेल्या गावात जायचं कुणी? वस्तीवर जाऊन विचारलं तर जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवायचा. शेवटी म्हातारीच काठी टेकत उठली. "माझी नाळ तिथं पुरलेली हाय. मला कशाचं भ्या?"

तिच्यामागं कुदळी घेऊन आम्हीही चढलो, तर वर सागाच्या पाचोळ्याखाली नुसता ओलावा होता. मला रडूच आलं. पण बाप्ये खणत राहिले अन् एक धोंडा हलला तसं पाणी पाझरायला लागलं.

लोकांनी शेतातले पाइप काढून आणले, जोडले. वस्तीवर सगळे पाइपाच्या तोंडाशी बसले. आधी नुसती हवा, मग गढूळ, मग नितळ पाणी आलं. म्हातारी ओंजळीनं प्यायली, उरलेलं डोक्यावर ओतून घेतलं.

मावशींनी विचारलं, "आये, खोलीवाल्याला काय सांगू?"

"न्हाई म्हण. अन् हंडा आण आधी, पाणी वाया चाललंय."